गळक्या घराचा बाजारभाव

मोठ्या शहरांत घराची किंमत स्टेशनापासूनचे अंतर, नळाला पाणी येण्याची वेळ आणि शेजाऱ्याचे आडनाव या तीन बाबींवरून ठरते असे ऐकिवात आहे. परंतु हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर या आमच्या गावी ती नक्षत्रावरून ठरते, आणि मुद्रांक विभागाच्या वार्षिक दरतक्त्यात या शिरस्त्याचा कोठेही उल्लेख नसला तरी गावातील शेंबडे पोरही तो जाणून आहे. दिवाळीत भिंतींना चुना लागलेला असतो, सोयाबीनचे पैसे हाती आलेले असतात, आणि अशा वेळी ओसरीवर पाय पसरून बसलेला मालक पाहुण्यास आपल्या घराची जी रक्कम सांगतो, ती ऐकून पाहुण्याच्या घशात करंजी अडकते. तीच रक्कम शिमग्यापर्यंत बरीच माणसांत येते. आणि वैशाख सरून रोहिणी नक्षत्र लागले, पश्चिमेस ढगांची पहिली काळी रेघ दिसू लागली व मातीचे घमेले डोक्यावर घेऊन शिडी चढण्याचा प्रसंग आला, म्हणजे तोच मालक अर्ध्या शिडीवरून, कोणालाही उद्देशून नव्हे पण सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने, "कोणी फुकट नेत असलं तरी देऊन टाकतो हे मपलं घर" असे जाहीर करतो. मृगाचा पहिला पाऊस घरात न शिरता पार पडला, की दुसऱ्या दिवशी सकाळी भाव पुन्हा वधारतो. आश्लेषांत तो कोसळतो. हस्ताच्या पावसानंतर जे काही उभे असेल त्याची पुनश्च नव्याने आकारणी होते.

या चढउताराचे मूळ पाण्यात आहे, आणि पाण्याशी आमच्या गावाचा संबंध सामान्य नव्हे. येलदरीच्या खालच्या अंगास पूर्णा नदी अडवून १९६८ साली पुरे झालेले सिद्धेश्वरचे धरण हे बव्हंशी मातीचे असून त्याची लांबी सहा किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे ज्या मातीच्या भरवशावर आम्ही आमच्या डोक्यावरचे पाणी बाहेर ठेवू पाहतो, त्याच जातीच्या पदार्थाच्या भरवशावर सरकारने एक अख्खा जलाशय आत ठेवलेला आहे, आणि दोघांच्याही पोटात गोळा उठतो तो मृगाच्या आसपासच. पावसाळ्यापूर्वी बांधावरील झुडपे काढावी, उंदीर-घुशींची बिळे बुजवावी, जागचे सरकलेले दगडी अस्तर नीट बसवावे, दरवाजांना वंगण द्यावे, असा पाटबंधारे खात्याचा क्रम असतो, आणि झुडपे, उंदीर व कुरकुरणारे दार ही आमच्याही घरची कलमे असल्यामुळे त्या क्रमाविषयी आम्हांस आपुलकी वाटते.

फरक आहे तो गळतीकडे पाहण्याच्या दृष्टीचा. मातीच्या धरणातून थोडेबहुत पाणी झिरपणारच, हे स्थापत्यशास्त्राने उदार मनाने मान्य केलेले आहे. त्या झिरपण्यास 'पाझर' असे भारदस्त नाव असून, ते पाणी पायथ्याशी एका चारीत एकत्र करावे, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेवरून वाहू द्यावे, त्याची उंची मोजून वहीत नोंदवावी, आणि ते स्वच्छ असेल तोवर निश्चिंत राहावे, गढूळ येऊ लागले तर मात्र धावत सुटावे, कारण गढूळ पाणी म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहू लागल्याची वर्दी, असा तो दंडक आहे. हाच समंजसपणा गृहस्थाश्रमातही यावा म्हणून गावातील काही विचारवंतांनी प्रयत्न करून पाहिले. देवघराजवळ टपटपणाऱ्या पाण्याखाली पातेले ठेवून, 'पाझर मर्यादेत आहे' असा अभिप्राय त्यांनी आपापल्या कुटुंबापुढे मांडला. परंतु माळवदातून येणारे पाणी पहिल्या थेंबापासूनच गढूळ असते, या एका मुद्द्यावर तो सिद्धांत फेटाळला गेला.

ज्यांचा जन्म सिमेंटाखाली झाला त्यांच्यासाठी माळवदाचा थोडा तपशील देणे अगत्याचे आहे. जाडजूड भिंती, त्यांवर व खांबांवर सागवानी अथवा बाभळीच्या तुळया, तुळयांवर आडव्या लाकडांची दाट पाखर, तिच्यावर काटक्या, तुराट्या आणि कडुनिंबाचा पाला, त्यावर चिखलाचा थर, आणि सर्वांत वर हात-दीडहात पांढरी माती, असे हे छप्पर असते. ही पांढरी माती शेतात सापडत नाही. ती गावठाणातच, पूर्वजांच्या पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यातून किंवा जुन्या गढीच्या उतारावरून खणून आणावी लागते. तात्पर्य, दर उन्हाळ्यात आम्ही आमच्या पणज्याच्या भिंती खणून डोक्यावर घेतो, आणि आमच्या भिंती कोणाच्या डोक्यावर जाणार याचाही साधारण अंदाज आम्हांस असतो. नवी माती पसरावी, पाणी शिंपडून ती चोपावी, उतार पन्हाळाकडे आहे याची खात्री करावी, आणि गतवर्षी वर उगवलेले गवत मुळासकट उपटावे. कारण गवताचे मूळ जिथवर जाते तिथवर पाण्यास राजमार्ग मिळतो. गवत उपटण्याचे काम बकरीकडून करवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. बकरी गवत खाते हे खरे, परंतु मूळ ठेवते आणि खुराने चार नवी भोके पाडते; शिवाय ती उतरण्यास राजी नसते.

एवढे करून मिळणारे सुख मात्र लहान नव्हे. बाहेर पारा बेचाळिसावर गेला असता माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत, छपराच्या झरोक्यातून उतरलेल्या उन्हाच्या एका कवडशाच्या सोबतीने ज्याने दुपारची झोप घेतली आहे, त्यास वातानुकूलित म्हणविणारी यंत्रे पाहून कीव येते. त्या दिवसांत माळवदाच्या घराचा भाव खरोखरीच वाढावयास हवा. पण नेमक्या त्याच दिवसांत मालक शिडीवर असतो.

मराठवाड्यात माळवदाचे राज्य डळमळीत झाले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांच्यावरचा मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला आणि हजारो माणसे गेली. त्याविषयी विनोद करण्याजोगे काही नाही. त्या पहाटेनंतर दूरदूरच्या गावांतूनही लोक छताकडे पाहत निजू लागले, आणि ज्यांना ऐपत होती त्यांनी माती उतरवून पत्रे चढविले. पत्रा हलका, स्वस्त, एका दिवसात बसणारा, आणि वर बकरी गेलीच तर लगेच कळविणारा. पावसात त्याच्याखाली संभाषण करता येत नाही, ही तक्रार म्हणून सांगितली जाते. परंतु कित्येक संसार आर्द्रा ते उत्तरा या काळात केवळ एकमेकांचे ऐकू न आल्यामुळे टिकले आहेत, असे माझे निरीक्षण आहे.

पत्र्याची अडचण वाऱ्यात आहे. वळवाच्या वावटळीत तो आपली जागा सोडून दुसऱ्याच्या शेतात जातो, आणि तेथून तो परत आणणे हे गृहदुरुस्तीचे नव्हे, मुत्सद्देगिरीचे काम होऊन बसते. म्हणून पत्र्यावर दगड ठेवण्याची चाल पडली: कडेने ओळीने काळे दगड, मध्ये एखादे जाते, ट्रॅक्टरचे फाटके टायर आणि ज्याची वाटणी झाली नाही असा एखादा पाटा. ही व्यवस्था सुरळीत चालली असता २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून गेल्यावर आमच्या जिल्ह्याची भूमी ४.५ तीव्रतेने हलली व दहाएक मिनिटांनी ३.६ तीव्रतेने तिने पहिल्या हालचालीस दुजोरा दिला. पुढे १० जुलैस पुन्हा ४.५. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे या गावाच्या पोटातून वर्षानुवर्षे गूढ आवाज येत असल्यामुळे आम्ही अगदीच बेसावध होतो असे नव्हे. परंतु धक्क्यानंतर, पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे प्रशासनाचे आवाहन प्रसृत झाले, आणि गृहस्थापुढे धर्मसंकट उभे राहिले. दगड ठेवावे तर भूकंपात ते डोक्यात येणार. काढावे तर वावटळीत पत्रे जाणार. आवाहन यथायोग्यच होते, आणि दगडांमागचे कारणही खोटे नव्हते. पत्रा दगडाने दाबण्याऐवजी आकड्याच्या बोल्टाने खालच्या पाइपास आवळावा, व त्यासाठीचे भोक पन्हाळीच्या खोलगट भागात न पाडता उंचवट्यावर पाडावे म्हणजे पाणी त्यात साचत नाही, हा याचा शास्त्रोक्त तोडगा सर्वांना ठाऊक आहे. पण बोल्ट विकत आणावे लागतात आणि दगड गावात मुबलक आहेत. अखेरीस बहुतेकांनी मध्यम मार्ग स्वीकारला. मोठे दगड उतरविले, आणि वारा सुटताच वर नेता यावेत म्हणून शिडीच्या पायथ्याशी रचून ठेवले.

तिसरा वर्ग स्लॅबवाल्यांचा. हा वर्ग वरकरणी निश्चिंत दिसतो, आणि आमच्या भागात तो हळदीवर वाढलेला आहे. हळदीस दर बरा मिळाला की त्या साली गावात दोन-चार स्लॅब पडतात. दर पडला की नुसत्या सळया आकाशाकडे तोंड करून दोन-तीन पावसाळे गंजत उभ्या राहतात, आणि त्यांच्या गंजावरून कोणत्या वर्षी बाजार बसला हे जाणकारांस सांगता येते. येथे स्लॅबला जी किंमत येते ती त्याच्याखाली राहण्याच्या सोयीवर येत नाही, वर काय काय वाळते यावर येते. शिजवलेली हळद, सोयाबीन, तूर, कुरडया, पापड, गोधड्या हे सर्व जेथे एकाच वेळी पसरता येते, ते घर उत्तम. घर पाहावयास आलेल्या एका गृहस्थाने खोल्यांत डोकावण्याचीही तसदी न घेता थेट वर जाऊन, पावलांनी स्लॅब मोजून, "सहा क्विंटल बसल" असा निर्णय दिला, तो मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे.

स्लॅबही गळतोच. फक्त त्याच्या गळतीस कारागीर अधिक लागतो आणि कबुलीजबाब उशिरा मिळतो. गळती शोधण्याचा विधी ज्याने पाहिला नाही त्याने तो अवश्य पाहावा. मिस्त्री स्लॅबवर उकिडवा बसतो, जवळ पाण्याची बादली. एकेका भेगेच्या कडेने तो ओल्या मातीची आळी करतो, त्यात तांब्याभर पाणी सोडतो आणि जिन्याच्या दिशेने ओरडतो, "आलं का हो वहिनी?" खाली वहिनी पदर खोचून, मान वर करून, छताला पडलेल्या गंगाफळाएवढ्या डागाकडे टक लावून उभ्या असतात. "नाही!" दुसरे आळे. "आलं का?" "नाही!" असे होता होता तासाभराने, जेथे भेग नाही, आळे नाही व संशयही नाही अशा भिंतीपलीकडच्या खोलीतून धाकट्या जाऊबाईंचा आवाज येतो, "आमच्या पाळण्यात कोण पाणी ओततंय हे?" मिस्त्री खाली उतरतो, हात पुसतो आणि म्हणतो, "गुरुजी, पाणी शिरतंय तुमच्यात, निघतंय त्यांच्यात. आता भेगीचे पैसे कोणी द्यायचे, ते तुम्ही भावाभावांनी ठरवा."

येथे गृहदुरुस्तीचा विषय संपतो आणि बाजाराचा सुरू होतो. कारण आमच्या गावी घर विकत मिळत नाही ते त्याच्या किमतीमुळे नव्हे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये आजही पुष्कळ घरांसमोर आजोबांचे नाव आहे. आजोबा फौत होऊन एक पिढी लोटली. वारसनोंदीचा अर्ज कोणी करावयाचा यावर चार भावांचे एकमत नाही. त्यांपैकी एक धरणाखाली शेती करतो, एक हिंगोलीत दुकानावर बसतो, एक चाकणच्या कारखान्यात आहे, आणि चौथा कोठे आहे हे विचारले असता बाकीचे तिघे विषय बदलतात. इसार द्यावा तर कोणाच्या हाती? साठेखत करावे तर सही कोणाची? गिऱ्हाईक येते, चहा घेते, दिशा विचारते. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, या चतुःसीमेच्या तपशिलात दोन बाजूंना रस्ता, एका बाजूस चुलत्याची पडकी जागा आणि चौथ्या बाजूस 'वादाची बोळ' असे उत्तर मिळाले की चहाचा कप खाली ठेवून ते उठते. चतुःसीमा ही येथे पूर्वापार नाजूक बाब आहे. जवळच औंढ्यास संत नामदेवांचे कीर्तन ऐकण्यासाठी नागनाथाचे देऊळ फिरले, अशी कथा आहे, आणि तीवर आमची श्रद्धा आहे; परंतु पूर्वेची बाजू पश्चिमेस गेल्यावर त्या मिळकतीचा फेरफार कोणी मंजूर केला, ही शंका आमच्या गावच्या एका निवृत्त तलाठीमामांना अद्यापि सतावते.

हा घोळ निस्तरण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली, आणि गावठाणांवरून ड्रोन फिरून प्रत्येक मिळकतीचा नकाशा व सनद देण्याची तजवीज झाली. आमच्या घरांकडे वरून पाहणारा हा पहिलाच सरकारी नोकर. शिडी चढल्याखेरीज छताची पाहणी होते याचेच लोकांना अप्रूप वाटले. उड्डाणापूर्वी आपापल्या हद्दी चुन्याच्या रेघांनी आखून ठेवावयाच्या असतात. आणि जे लोक वर्षानुवर्षे भिंतीस चुना लावण्यास टाळाटाळ करीत आले, ते या निमित्ताने मध्यरात्री कंदील घेऊन बोळीत चुना लावताना दिसल्यास नवल ते काय! पण ड्रोनास छप्पर दिसते, छपराखालचे चार भाऊ दिसत नाहीत.

भाड्याच्या बाजाराची गोष्ट याहून आनंददायक आहे, आणि ती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. खेड्यात नेमलेल्या नोकरदाराने मुख्यालयी राहावे, व तसा तो राहतो याबद्दल ग्रामसभेचा ठराव असावा, तेव्हा घरभाडे भत्ता मिळावा, अशी व्यवस्था आहे. त्यामुळे मराठवाड्याच्या खेड्यांतून कागदी भाडेकरूंची एक सुसंस्कृत जमात उदयास आली. बिऱ्हाड जिल्ह्याच्या ठिकाणी, मुले तेथील शाळेत, सायंकाळची बस ठरलेली, आणि पत्ता मात्र गावातला. घरमालकाच्या दृष्टीने याहून गोड भाडेकरू कल्पिता येत नाही. तो खिळे ठोकत नाही, रात्री-बेरात्री येत नाही, पाहुणे आणीत नाही. आणि मुख्य म्हणजे आश्लेषांच्या पावसात छत कितीही गळो, त्याची एकही तक्रार येत नाही.

घरकुलांनी या सर्वांत निराळाच रंग भरला. पूर्वीची इंदिरा आवास योजना २०१६ पासून पंतप्रधानांच्या नावे झाली. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर, असा तिचा आकडा लोकांना तोंडपाठ आहे. पैसे हप्त्यांनी येतात, आणि प्रत्येक हप्त्यापूर्वी जोत्याशी, मग भिंतीशी, मग छताखाली लाभार्थ्यास उभे करून मोबाइलने छायाचित्र काढले जाते. इतकी छायाचित्रे त्याच्या लग्नातही निघाली नव्हती. घरकुल पुरे झाले की त्यात प्रथम प्रवेश करतात ती हळदीची पोती, कारण ती भिजून चालत नाहीत. त्यांच्यामागून खताच्या गोण्या व मोटारसायकल जाते. माणसे शेजारच्या जुन्या घरात निजतात, आणि म्हणून जुन्या घराची दुरुस्ती कोणास चुकत नाही.

खरा पेच पुढेच आहे, व तो आमच्या गल्लीतील एका थोरल्या बंधूंच्या ओसरीवर यंदा रोहिणीतच पुरता उलगडला. हे चौघांपैकी येथे राहणारे. हातात फावडे, अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग, बायको घमेले भरून तयार. तेवढ्यात औंढ्याकडचा एक दलाल आला, लिंबाच्या सावलीत टेकला, आणि या व्यवहारात मुरलेल्या माणसाच्या सावकाश वाणीने त्याने समजावून सांगितले की, गिऱ्हाईक आहे, पण त्यास इमल्याशी कर्तव्य नाही. त्यास रस्त्यालगतची मोकळी जागा हवी आहे. उभे घर असले की पाडावयाचा खर्च आला, शिवाय राहता मनुष्य आला, आणि राहता मनुष्य म्हटला की वहिवाट आली. पडलेल्या घराची जागा उभ्या घरापेक्षा महाग जाते. चाकणच्या धाकट्यांशी त्याचे फोनवर बोलणे झाले होते आणि हा हिशेब त्यांना पटलाही होता. दुरुस्तीच्या वर्गणीस त्यांनी गेली काही वर्षे एक पैसाही का पाठविला नाही, याचाही खुलासा त्यामुळे आपोआपच झाला. "आबा, तुमचं काही जात नाही," दलाल म्हणाला. "औंदा फक्त माती टाकू नका. दोन पावसाळे नुसतं बसून राहा. घर आपोआप बसंल, चौघांचा भाव एक होईल, अन् सह्यासुद्धा चटकन होतील."

आबांनी तो सगळा हिशेब शांतपणे ऐकून घेतला, टोपी काढून डोक्यावरची माती झटकली, पुन्हा टोपी घातली, आणि बायकोकडे वळून म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला सांग, औंदा दोन ट्रॉल्या जास्तीच्या आण म्हणावं."